पाद्रीबाबाची मोसंबी आंबट कशानं झाली

राजूर रस्त्यावर माझी कलमांची नर्सरी होती. म्हणजे अजून आहे. ती आता मुलगा बघतो आणि मी त्याला सल्ले देतो, त्यामुळे ती नेमकी कोण चालवतं हे गिऱ्हाइकांना कळत नाही. चाळीस वर्षं मी मोसंबीची कलमं बांधली. जालना जिल्ह्यात जिथे मोसंबीच्या बागा आहेत तिथे माझ्या हातची काही झाडं निघतील, आणि त्यातली काही वाळलेलीही निघतील. मी दोन्हींची जबाबदारी घेतो. बहुतेक कलमवाले पहिल्यांचीच घेतात.

ज्यांनी मोसंबी फक्त पेल्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. मोसंबीची बी पेरली तर झाड येतं, पण ते सात-आठ वर्षं नुसते काटे देतं आणि मग मनात आलं तर फळ देतं. शेतकऱ्याला एवढी सवड नसते. म्हणून जंबेरी नावाच्या रांगड्या लिंबाची रोपं करायची. जंबेरीची साल खडबडीत, रस आंबटढाण, पण मुळं अशी की मुरमातही पाणी शोधतील. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चीर द्यायची. चांगल्या मोसंबीच्या झाडावरून काडी आणायची, तिच्यावरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतली कळी, सालीसकट उचलून त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा लागला की वरची जंबेरी छाटून टाकायची. खाली उरतो तो खुंट. पुढे आयुष्यभर मुळं जंबेरीची आणि नाव मोसंबीचं. पथ्य एकच. खुंटाला अधूनमधून स्वतःचे फुटवे येतात, त्यांना आम्ही पानसोट म्हणतो. ते दिसले की कापायचे. नाही कापले तर भाडेकरू उपाशी मरतो आणि घरमालक पुन्हा घरात राहायला येतो.

हे मला शेखचाचांनी शिकवलं. त्यांच्या उस्तादानं जालन्याच्या छावणीत कुणा साहेबाच्या बागेत काम केलं होतं. चाचांकडे त्या काळचा विलायती चाकू होता, त्याच्या मुठीवरची अक्षरं झिजून गेली होती. कलमाला ते पैवंद म्हणत, जो शब्द फारसी आहे. आम्ही कलम म्हणतो, तो अरबी आहे. एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, ही मोसंबी आली कुठून?"

"हैदराबादसे."

"अन् हैदराबादला कुठून आली?"

"बाजारसे," चाचा म्हणाले आणि पुढचा डोळा भरायला घेतला.

पुढे मला वाचनाचा नाद लागला आणि गोंधळ वाढला. एका पुस्तकात लिहिलं होतं की मोसंबी हे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलं, पोर्तुगीजांनी फळ तिथून आणलं. दुसऱ्या पुस्तकात होतं की पोर्तुगीजांच्या आधी अरबांची गलबतं त्याच किनाऱ्यावरून येत-जात होती. तिसऱ्यात होतं की संत्र्या-मोसंब्यांचं मूळ घराणं चीन आणि आसामकडचं. म्हणजे फळ आमच्या शेजारून निघालं, आफ्रिकेला वळसा घालून परत आलं आणि आम्ही त्याला परदेशी पाहुणा म्हणून ओवाळलं. इराणी लोक संत्र्याला ज्या नावानं ओळखतात ते पोर्तुगालचं नाव आहे. युरोपात काही लोक त्याला चिनी सफरचंद म्हणतात. मला वाटतं, फळाच्या नावावरून ते कुठे पिकलं हे कळत नाही; शेवटचं कुणाच्या हातून घेतलं एवढंच कळतं.

एकदा भोकरदनहून एक गृहस्थ आले. त्यांना शुद्ध देशी मोसंबी हवी होती. परदेशी रक्ताचं रोप आपल्या शेतात नको, असं त्यांनी सभेत बोलावं तसं सांगितलं. मी विचारलं, "सकाळी काय खाऊन निघालात?"

"भाकर, मिरचीचा ठेचा अन् शेंगदाण्याची चटणी."

"मिरची अमेरिकेची. शेंगदाणा अमेरिकेचा. ज्वारीसुद्धा फार पूर्वी आफ्रिकेतून आली म्हणतात."

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "मंग घरचं काय व्हतं त्यात?"

"मीठ असेल."

त्यांनी दहा रोपं घेतली. जाताना म्हणाले, "ही देशीच हायेत ना पण?" मी हो म्हणालो. धंदा आहे.

आता मूळ गोष्ट. पिंपळगाव रेणुकाईकडे एक गाव आहे, नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही कारण तिकडच्या लोकांना कळलंच असेल. तिकडे मिरची पिकते, मका आणि कपाशी पिकते, मोसंबी नाही. सगळ्या शिवारात मोसंबीचं एकच झाड, आणि त्याला ‘पाद्रीबाबाची मोसंबी’ म्हणतात. गोष्ट अशी की या गावचे आबा नावाचे शेतकरी तरुणपणी, निजामाच्या राज्यात, जालन्याला मिशनच्या बागेत माळीकाम करत. तिथल्या गोऱ्या पाद्रीनं त्यांना एक कलम दिलं. आबांनी ते घासलेटच्या डब्यात घालून पायी गावात आणलं आणि विहिरीजवळ लावलं. गोष्टीत कधी पाद्री असतो, कधी त्याची मडम असते, आणि एका वृद्धाच्या मते तो पाद्री नव्हताच, घोड्यांचा डॉक्टर होता. डब्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

गेल्या पौषात त्या गावचे भाऊसाहेब माझ्याकडे आले. भाऊसाहेब म्हणजे आबांचे नातू, माजी सरपंच, आणि हल्ली ‘मातृवृक्ष पूजन सोहळा समिती’चे अध्यक्ष. त्यांच्या मागे गाडीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या.

"आप्पा, आषाढात कार्यक्रम घेऊन राह्यलो," ते म्हणाले. "पाव्हणे मोठे येणार. झाडापुढं कोनशिला बसवायची. अन् या झाडाची एकशे एक कलमं एकशे एक शेतकऱ्यांना वाटायची. मिरचीच्या गावात मोसंबी! सगळ्या मराठवाड्यातलं मूळ झाड हाय आपलं."

"मूळ कशावरून?"

"कोनशिलेवर तसं लिहायला टाकलंय," ते म्हणाले. यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी काड्या ठेवून घेतल्या. डोळ्यांसाठी काड्या तोडल्या की पानं कापून टाकतात, फक्त पानाचा दांडा ठेवतात, नाहीतर काडी सुकते. त्यामुळे माझ्यासमोर होत्या त्या नुसत्या हिरव्या, काटेरी काड्या. मी झाड बघून यायला हवं होतं. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, झाड आणि त्याचं फळ पाहिल्याशिवाय काडी घ्यायची नाही. पण एवढं नावाजलेलं झाड, त्याला काय तपासायचं? मोठेपणाला मी हसतो असा माझा लौकिक आहे. त्या दिवशी मोठेपणा गोणपाटात गुंडाळून आला आणि मी ओळखला नाही.

एकशे एकावर चुकीमाकीसाठी आणखी वीस डोळे भरले. जवळजवळ सगळे लागले. वरचा भाग छाटला, डोळे फुटायला लागले, आणि कोवळी पालवी जांभळट निघाली. मोसंबीची फूट हिरवी असते. जांभळट फूट जंबेरीची. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच, डोळा मेला आणि खुंट खालून फुटला. एक-दोन रोपांत असं होतं. सगळ्या रोपांत झालं तेव्हा मी हातातला चाकू बघितला आणि मग हात बघितला.

मुलगा म्हणाला, "आप्पा, आता राहू द्या. नजर राह्यली न्हाई तुमची."

मला ते खरं वाटलं. दोन दिवस मी चाकूला हात लावला नाही. चाळीस वर्षांचा हात असा एका हंगामात जातो का? जात असेल. माणसं एका सकाळी जातात. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून एकेक रोप पुन्हा तपासलं तर फूट खालून आलेलीच नव्हती. बरोबर चिरेतून, मी बसवलेल्या डोळ्यातूनच आली होती. डोळा जिवंत होता, लागलाही होता, आणि जंबेरीचा होता. पान चुरगाळून नाकाला लावलं, लिंबाचा वास. मी जंबेरीवर जंबेरीचं कलम केलं होतं, आणि ते अत्यंत सुबक झालं होतं.

भाऊसाहेबांना फोन केला. "काड्या कुठून तोडल्या?"

"झाडावरूनच. चारी बाजूनं."

"फळ कसं असतं झाडाचं?"

"फळ आता आंबट झालंय. फार दिवसापासून. आमच्या काकूच्या पायगुणानं!" आणि ते मोठ्यानं हसले.

मीही हसलो. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मला त्याचा फार त्रास झाला.

मग मी त्यांना सांगितलं की तुमचं झाड मोसंबी नाही, जंबेरी आहे. ते म्हणाले, "आप्पा, तुमच्या नर्सरीत मोसंबीची तयार रोपं असतीलच की. तीच द्या एकशे एक. शेतकऱ्याला गोड फळ मिळाल्याशी मतलब. कुणाचं नुकसान हाय सांगा?"

मी खूप विचार केला आणि मला कुणाचंच नुकसान दिसलं नाही. शेतकऱ्यांना चांगलं रोप मिळणार, गावाला सोहळा मिळणार, पाहुण्यांना भाषण मिळणार. इतिहासाचं नुकसान होईल म्हणावं तर इतिहासानं या फळाबाबत आधीच इतके घोळ घातले आहेत की त्यात आणखी एक सहज मावला असता. मी हो म्हणालो.

सोहळ्याच्या आठ दिवस आधी रोपं कुठे उतरवायची ते बघायला गावी गेलो. भाऊसाहेब पत्रिका वाटायला गेले होते. झाड त्यांच्या काकूंच्या वाट्याच्या शेतात होतं, म्हणून मी तिकडे गेलो. गयाबाई त्यांचं नाव; पंच्याहत्तरीच्या असतील, कणा ताठ, डोळ्याला जाड चष्मा. ओट्यावर मिरच्या वाळत होत्या. मी कोण ते सांगितलं.

"तुमी कलमवाले आप्पा का? बसा. च्या टाकते." चहा झाल्यावर त्या समोर बसल्या. "एक इचारू का आप्पा? तुमच्या रोपायला गोड फळं लागतील ना?"

"लागतील, अक्का."

"बराबर सांगा. झाड तर आंबटंय. लेकरं आंबट निघाली तर मंग ते बी माझ्यावर येईल."

"तुमच्यावर कसं येईल?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की याला एवढं साधं माहीत नाही. "मी या घरात आल्ते तवा चवदा-पंधराची होते. आबा, माझे सासरे, मी यायच्या आंधी वरीसभर गेल्ते. झाड तवा गोड व्हतं म्हनतात, साखर जशी. मी आले अन् तिसऱ्या वर्साला आंबट झालं. सासूबाई म्हन्ल्या, पांढऱ्या पायाची आनली घरात. मंग समदे म्हनायला लागले. आता भाऊची नातवंडं बी म्हनतात, हसून म्हनतात. मी बी हसते."

मीही हसलो होतो, फोनवर.

"पन त्यायला एक ठावं न्हाई," त्या आवाज खाली करून म्हणाल्या. "मालकाला बी सांगितलं न्हाई कधी. त्या साली पयलं फळ पिवळं झाल्तं. देवापुढं ठेवायच्या आंधी कोनी खायाचं नसतं. मी चोरून तोडलं, विहिरीमागं बसून खाल्लं. आंबटढाण. दोन दिस कोनालाच बोलले न्हाई. मला वाटलं, देवाच्या आंधी खाल्लं म्हनूनच झाड फिरलं. सासूबाई पायगुण म्हनायच्या तवा मी मनात म्हनायचे, पायाचं न्हाई, तोंडाचं हाय."

साठ वर्षं. त्यांनी हे एका अनोळखी कलमवाल्याला सांगितलं कारण त्याच्या हातात एकशे एक रोपं होती आणि ती गोड निघायला हवी होती.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी फिरायला लागलं होतं. "अक्का, आबा गेल्यावर या झाडाची छाटणी कोण करायचं?"

"छाटनी? सासूबाईनं कोयता लावू देला न्हाई. आबाच्या हातचं झाड म्हनून बुडाला शेंदूर लावला, पार बांधला. म्हनायच्या, याची फांदी तोडली तर मालकाचं बोट तोडल्यावानी होईल. भाऊनं काड्या तोडल्या तेवढंच, न्हाईतर अजून बी कोनी कोयता लावत न्हाई."

"चला," मी म्हणालो.

झाडाला भोवती सिमेंटचा नवा पार होता. समितीनं कुंपणाला निळा रंग दिला होता. लांबून झाड भरघोस दिसत होतं. जवळ जाऊन बघितलं तर बुंधा एक नव्हताच. सहा-सात खोडं गोल रिंगण धरून उभी होती आणि मधोमध एक वाळका, पोकळ बुडखा होता. शेंदूर होता तो त्या बुडख्याला. मी पाराची एक सैल वीट काढली, हातानं माती उकरली. सगळी जिवंत खोडं खालून, खुंटातून आली होती. आणि बुडख्याच्या तळाशी, वीतभर उंचीवर, जुन्या कलमाची गाठ होती. इतकी वर्षं होऊनही ती ओळखू येत होती. बांधणाऱ्याचा हात चांगला होता.

मी गयाबाईंना वाकून दाखवलं. बोट ठेवून सांगितलं, ही गाठ, हिच्या वरची ती मोसंबी, खालची ती जंबेरी. आबा होते तोवर ते पानसोट कापत असणार, कारण ते शिकलेले माळी होते. ते गेले, कोयता बंद झाला. फुटवे वाढले, सगळं पाणी त्यांनी खाल्लं, वरची मोसंबी वाळत गेली. फुटव्याला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात.

त्या हिशोब करत होत्या हे दिसत होतं. ओठ हलत होते.

"म्हंजी मी यायच्या आंधीच?"

"आधीच सुरू झालं होतं, अक्का."

"अन् मी खाल्लं ते?"

"तुम्ही त्या झाडाची मोसंबी खाल्लीच नाही. जंबेरी खाल्ली. ती देवापुढे ठेवून खाल्ली असती तरी तशीच लागली असती."

त्या पारावर बसल्या. रडतील असं मला वाटलं होतं आणि मी त्याची तयारीही केली होती, पण त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे भाऊला ठावं हाय?"

"कारण ठाऊक नाही. पण झाड मोसंबी नाही हे ठाऊक आहे. तीन-चार महिने झाले."

"अन् तुमाला?"

"मलाही."

"अन् तुमी दुसऱ्याच झाडाची रोपं देऊन राह्यले."

मी मान हलवली.

"मंग हे मला एकटीला कशाला सांगून राह्यले?" त्या एकदम म्हणाल्या. "मला जे बोलले ते समद्या गावात बोलले. तुमी बी मांडवात सांगा."

सोहळ्याचं वर्णन करत नाही. असे सोहळे तुम्ही पाहिले आहेत. फलकावर डाव्या बाजूला जहाज होतं, उजव्या बाजूला पाहुणे, आणि मध्ये मोसंबीचं चित्र, जे संत्र्याचं होतं. कोनशिलेवरचा पडदा ओढला तो अर्ध्यात अडकला. भाऊसाहेबांनी तो हातानं काढला. मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि बोलायला पाच मिनिटं मिळाली.

आता हे कबूल करतो की मी नीट बोललो नाही. समोर चारशे माणसं, शेजारी पाहुणे, पुढच्या रांगेत भाऊसाहेबांचा चेहरा. मी मोझांबिकपासून सुरुवात केली. मग पोर्तुगीज, मग अरब, मग छावणी, मग खुंट आणि डोळा. म्हणालो, वरचं आणि खालचं वेगळं असतं, खालच्याला विसरून चालत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी माईक घेऊन सांगितलं की आप्पांनी फार मोठा विचार मांडला, मुळं आपली आणि फळं जगाची. पुन्हा टाळ्या. मी खाली बसत होतो. मला खरंच कळेना की मी सांगितलं की नाही सांगितलं.

बायकांच्या बाजूनं गयाबाई उभ्या राहिल्या.

"आप्पा, गोल गोल नका सांगू. झाड कशानं आंबट झालं तेवढं सांगा."

"काकू, खाली बसा," भाऊसाहेब म्हणाले.

"तू बस. तुह्या घरातच मला बोलतात. आप्पा, सांगा."

मी पुन्हा उठलो. शाल खांद्यावरून घसरली, ती उचलावी की बोलावं हे मला सुचेना. शेवटी ती तशीच पायात ठेवून बोललो. हे झाड मोसंबीचं नाही, जंबेरीचं आहे. मोसंबी होती ती आबा गेल्यावर वाळली, कारण खालचे फुटवे कुणी कापले नाहीत. गयाबाई या घरात येण्याआधीच ते सुरू झालं होतं. त्यांच्या पायाचा, हाताचा, तोंडाचा कशाचाही संबंध नाही. आणि आज वाटतो आहोत ती रोपं या झाडाची नाहीत, माझ्या नर्सरीतली आहेत. हे मला आधीपासून माहीत होतं.

पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले. मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी रोपं दुसऱ्या झाडाची हायेत?"

"हो."

"गोड हाय का ते झाड?"

"गोड आहे."

"मंग द्या की जल्दी. आभाळ भरून आलंय."

एवढंच. एकशे एक रोपं अर्ध्या तासात संपली. मातृवृक्षाची नाहीत म्हणून एकानंही परत दिलं नाही. मी चार महिने ज्या सत्याला घाबरलो होतो ते कुणाला फारसं नकोही नव्हतं आणि कुणाचं अडतही नव्हतं. भाऊसाहेब मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि कोनशिलेवर ते झाड अजून मूळ मोसंबीच आहे.

आणि गावाला काय कळलं, हेही मला नक्की सांगता येत नाही. निघताना कानावर आलं, एक बाई गयाबाईंना म्हणत होती, "म्हंजी तुमचा न्हाई, तुमच्या सासूचाच पायगुण वाईट व्हता म्हना."

"असं नको म्हनू," गयाबाई म्हणाल्या. "तिचा मालक गेल्ता. तिला काय सुधरत व्हतं त्या टायमाला?"

श्रावणात त्यांचा फोन आला. "आप्पा, त्या झाडाला परत मोसंबी करता येती का?"

येते. जुन्या खुंटाच्या कोवळ्या फुटव्यावर डोळा भरता येतो. फळाला तीन वर्षं लागतील, असं मी सांगितलं. त्यांच्या वयाचा उल्लेख केला नाही, त्यांनी केला. "मी खानार न्हाई त्याचं काही न्हाई," त्या म्हणाल्या, "पन ते गोड झालेलं गावानं खावं."

मी माझ्या झाडाच्या काड्या घेऊन गेलो. नीट फुटवा निवडला. भाऊसाहेबांनी तोडलेल्या काड्या सोडल्या तर साठ वर्षांत त्या झाडाला पातं लागलं नव्हतं. मी चाकू पुढे केला, तर गयाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला.

"मी लावते. कसं ते सांगा."

मी बोटानं दाखवत गेलो, आडवी, मग उभी. त्यांनी एकदा हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि चीर दिली. पहिल्याच वेळी सरळ. डोळा मी उचलून दिला, तो त्यांनीच सरकवला, पट्टीही त्यांनीच बांधली, जरा जास्तच घट्ट. मी सांगून आलो की तीन आठवडे हात लावायचा नाही.

रोज फोन यायचा. पट्टी सोडू का? नका. पाऊस फार झाला, वरून काही झाकू का? नका. भाऊची शेरडं तिकडं आल्ती, मी हाकलली. बरं केलंत.

तीन आठवडे पुरे झाले त्या सकाळी मी निघायच्या तयारीत होतो तोच फोन वाजला. आवाज वेगळा होता.

"आप्पा, गेलं."

"काय झालं?"

"मी पट्टी सोडली न्हाई हो. नुसता तो दांडा व्हता ना, पानाचा, डोळ्याखालचा. त्याला जरासं बोट लावलं. गळूनच पडला. काही जोर लावला न्हाई मी, आप्पा. नुसतं बोट." मग थोडं थांबून, "माझा हातच तसला."

डोळा मेला तर तो दांडा वाळून डोळ्याला घट्ट चिकटून बसतो, ओढला तरी सुटत नाही. डोळा लागला तर झाड जुना दांडा स्वतःच सोडून देतं. बोट लागायचा अवकाश, पिवळा होऊन गळतो. आम्ही कलमवाले पट्टी सोडायच्या आधी तेवढंच बघतो. हे मी चाळीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल. गयाबाईंनाच सांगायचं राहून गेलं होतं.

"अक्का, दांडा गळला म्हणजे डोळा लागला."

"काय?"

"लागला. तुमच्या हातचा डोळा लागला."



"म्हंजी पडला ते चांगलं?"

"चांगलं."

"बराबर सांगा, आप्पा."

"बराबर सांगतो, अक्का."